पत्ते वाटण्याआधीचा डाव

ठाण्याच्या नौपाड्यापासून डोंबिवलीच्या फडके रोडपर्यंत कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात आज पोकेमॉनची पानं टांगलेली दिसतात. सुट्टीच्या दुपारी ती पानं घेऊन मुलं सोसायटीच्या जिन्यात बसतात, तेव्हा डाव कसा चालतो ते जरा थांबून बघावं. एकजण गठ्ठ्यातलं वरचं पान उचलतो आणि ओरडतो, "एचपी दोनशे वीस!" समोरचा आपलं पान बघतो, पुटपुटतो "एकशे ऐंशी", आणि पान देऊन टाकतो. एचपी म्हणजे तो पोकेमॉन किती मार सोसेल तो आकडा. त्या पानावर आणखी बरंच काही छापलेलं असतं: हल्ल्याचं नाव, त्यासाठी लागणारी एनर्जी, कमजोरी, माघार घ्यायची किंमत. त्यातलं काहीच कुणी वाचत नाही. दुसरा प्रकार याहून सोपा. पान फरशीवर ठेवायचं, शेजारी तळहाताची थाप मारायची आणि वाऱ्याने पान उलटलं की ते आपलं.

पोकेमॉनच्या पानांचा खरा खेळ या दोहोंपैकी एकही नाही. तो ६० पानांच्या जोडाने खेळतात, प्रत्येकाचा जोड वेगळा असतो आणि तो ज्याने त्याने स्वतः बांधलेला असतो. मग जिन्यातल्या मुलांनी आपला नियम आणला कुठून? त्याचा मागोवा घेताना माझी खात्री होत गेली की पान आणि नियम वेगवेगळ्या वाटांनी येतात. पान दुकानातून येतं. नियम थोरल्या भावाकडून, शेजारच्या दादाकडून, आधीच्या कुठल्या तरी खेळातून येतो. आपल्याकडे नियमाची ही वाट फार जुनी आहे. फक्त एक गोष्ट त्या वाटेवर परवापरवापर्यंत नव्हती: पत्ते वाटण्याआधी, एकट्याने बसून, आपला जोड आपण जुळवणं.

या वाटेची सुरुवात गंजिफापासून, म्हणजे आपल्याकडच्या पत्त्यांच्या जुन्या खेळापासून, धरता येईल. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्याच आठवणींत आहे. शाह हसनला खेळाचा शौक होता, त्याने मागणी केली होती. अकबराच्या काळात अबुल फजलने आईन-ए-अकबरीत जुन्या जोडाचं वर्णन केलं, ते बारा रंगांचं आणि प्रत्येक रंगात बारा पानांचं, म्हणजे १४४ पानांचं. अश्वपती, गजपती, नरपती अशी रंगांची नावं. अकबराने त्यात आपले फेरफार केले. पुढे रूढ झाला तो आठ रंगांचा, ९६ पानांचा जोड. दक्षिणेत आणि कोकणात त्याच्या शेजारी दशावतारी गंजिफा उभी राहिली: दहा अवतार, दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पानं, एकूण १२०.

आपल्यापुरती ही परंपरा सावंतवाडीने जगवली. चिंचोक्याच्या खळीने थर चिकटवायचे, गोल कापायचे, वर रंग आणि लाखेचा हात द्यायचा, अशी ती पानं. विसाव्या शतकात हा हुन्नर अगदी एकदोन वयस्कर चिताऱ्यांच्या हातात उरला होता. राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी तो मुद्दाम शिकून घेतला, राजवाड्यातच काम सुरू केलं, नवे कारागीर तयार केले. सावंतवाडीच्या गंजिफांना आज भौगोलिक मानांकन आहे. याबद्दल त्या दोघांचे आभार मानावेत तितके थोडे. पण खंत एकच: पानं जगली, खेळणारे फारसे जगले नाहीत. लोक संच विकत घेतात, चौकटीत लावतात, आणि डाव कसा मांडायचा हे विचारलं तर गप्प होतात.

तो डाव असा. तिघे बसतात, प्रत्येकाला चाळीस पानं. दिवसा खेळत असाल तर ज्याच्याकडे रामाचा राजा त्याची उतारी, रात्री खेळत असाल तर कृष्णाच्या राजाची. निम्म्या रंगांत राजा-प्रधानांखालोखाल दश्शी मोठी, उरलेल्या निम्म्यांत एक्का मोठा. आपल्या ५२ पत्त्यांसारखा हुकमाचा रंग त्यात नाही. त्यामुळे १२० पानांपैकी कुठली खेळून गेली आणि कुठली बाहेर आहेत, हे ध्यानात ठेवणं हीच त्यातली खरी विद्या. हे सगळं शिकायचं ते शेजारी बसून. पानांबरोबर नियमांचा कागद मिळत नसे.

जोडाची रचनाच बदलायचा उत्साह दाखवणारा एक माणूस एकोणिसाव्या शतकात होऊन गेला, तो म्हैसूरचा राजा मुम्मडी कृष्णराज वोडेयार. त्याने छद नावाचे तेरा खेळ रचले. त्यांतल्या सर्वांत मोठ्या जोडात अठरा रंग आणि ३६० पानं होती. पण तोही राजा होता. खेळणाऱ्याने, मग तो कोण का असेना, ठरलेल्या जोडातून वाट्याला येईल ते घ्यायचं, ही रीत त्यानेही मोडली नाही.

बावन्न पानांच्या इंग्रजी पत्त्यांनी गंजिफा हटवली, पण नियम तोंडी देण्याची पद्धत तशीच राहिली, आणि ती सगळ्यात घट्ट झाली ती लोकलच्या डब्यात. मुंबई ते ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ला धावली, पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोहोचले. कल्याण-डोंबिवलीचा माणूस नोकरीसाठी रोज तासभर जायला आणि तासभर यायला लागला, तेव्हापासून त्या तासाचं काय करायचं हा प्रश्न आला. कुणी भजन धरलं, कुणी पत्ते.

चौघे समोरासमोर बसलेले, गुडघ्यांवर आडवी ब्रीफकेस, तिच्यावर दुमडलेला पेपर. पिसणारा उभ्या माणसाच्या कोपरातून वाट काढत पिसतो. डाव मेंढीकोटचा. दोन जोड्या, प्रत्येकाला तेरा पानं. चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या. ज्या जोडीने तीन मेंढ्या केल्या ती जिंकली, चारही केल्या तर कोट. दोन-दोन झाल्या तर हात मोजायचे, सात हातवाले जिंकले. हुकूम कसा ठरवायचा हे ग्रुपवर अवलंबून. काही ठिकाणी बंद हुकूम, म्हणजे एकाने एक पान पालथं ठेवायचं. काही ठिकाणी कट हुकूम, म्हणजे उतारीचा रंग हातात नसलेल्या पहिल्याने जे पान टाकलं त्याचा रंग हुकूम. नवीन माणूस ग्रुपमध्ये आला की पहिले काही दिवस तो नुसता बघतो, मग कुणाची सुट्टी असली की त्याच्या जागी बसतो. चुकीचं पान टाकलं तर समोरचा भिडू घरी पोहोचेपर्यंत ऐकवतो. कुठल्या स्टेशनानंतर नवा डाव पिसायचा नाही, हेसुद्धा ठरलेलं. वाद झालाच तर सर्वांत जुना पासवाला सांगेल ते शेवटचं. गर्दीत बसायची जागा अडवणारे ग्रुप इतरांना जाच होतात, हेही खरं, आणि त्याबद्दलची तक्रार रास्तच आहे. पण चालत्या गाडीत, छापील पुस्तकाशिवाय, तीन पिढ्यांनी एक खेळ बिनचूक पुढे दिला हेही तितकंच खरं.

पत्त्यांकडे बघायची आपली नजर मात्र दुहेरी राहिली. मे महिन्यात घरोघर बदाम सात, झब्बू, चॅलेंज, भिकार-सावकार चालायचं आणि त्याच घरात "पत्ते कुटत बसू नको" असंही म्हटलं जायचं. मागे कायद्याची सावली होती. १८८७ सालचा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळतो, पण कौशल्य कुठे संपतं आणि नशीब कुठे सुरू होतं हा वाद राहिलाच. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशातून आलेल्या सत्यनारायण खटल्यात रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असं म्हटलं. कारण दिलं ते मोलाचं आहे: पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, आणि कुठलं धरायचं व कुठलं टाकायचं याला अक्कल लागते. गंजिफा खेळणाऱ्याची विद्याही हीच होती. या सगळ्यात कौशल्य सुरू होतं ते पानं हातात आल्यावर. त्याआधी सगळे सारखे.

साठवायची पानं ही याला समांतर अशी दुसरी ओळ. काडेपेटीचे छाप, बिग फन बबलगममधली क्रिकेटपटूंची पानं, नंतर चिप्सच्या पाकिटातले टाझो. यात खेळापेक्षा जमवणं महत्त्वाचं. ज्याच्याकडे दोन आहेत त्याने एक द्यायचं आणि नसलेलं घ्यायचं. या दोन ओळी जिथे पहिल्यांदा एकत्र आल्या तो खेळ म्हणजे ट्रम्प कार्ड्स. ब्रिटनमध्ये सत्तरच्या दशकाच्या शेवटी टॉप ट्रम्प्स निघाली, आणि आपल्याकडे केबल आल्यावर, नव्वदच्या दशकात, डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पैलवानांची. पानावर फोटो आणि खाली आकडे: रँक, उंची, वजन, छाती, दंड, किती लढती लढल्या, किती जिंकल्या. पानं सारखी वाटायची, वरचं पान बघायचं, एक आकडा पुकारायचा. ज्याचा आकडा मोठा त्याला दोन्ही पानं. योकोझुना आला की वजन म्हणायचं, जायंट गोन्झालेझ आला की उंची. हे ज्याला पाठ, तो राजा.

जिन्यातल्या पोरांचा "एचपी दोनशे वीस" हा डाव तो हाच. पैलवान गेले, पिकाचू आला, नियम तोच राहिला. हे का झालं याचंही कारण सापडतं. पोकेमॉन आपल्याकडे खेळ म्हणून आलाच नाही. २००३ सालापासून तो कार्टून नेटवर्कवर मालिका म्हणून आला, मग चिप्सच्या पाकिटात टाझो म्हणून. पानं बाजारात पसरली तेव्हा बहुतेक सुटी, नकली, नियमांच्या पुस्तिकेशिवाय. पान हातात होतं, नियम नव्हता. मुलांनी घरात जो होता तो वापरला. मी याला अडाणीपणा म्हणणार नाही. जे हाताशी आहे त्यातून डाव उभा करणं ही मुलांची जुनी कला आहे. पण त्यामुळे एक फार सुंदर गोष्ट त्यांच्यापर्यंत पोहोचली नाही.

ती गोष्ट १९९३ साली बाजारात आली. रिचर्ड गारफिल्ड हा गणिताचा प्राध्यापक. विझर्ड्स ऑफ द कोस्ट या छोट्या कंपनीच्या पीटर ॲडकिसनकडे तो एक बोर्ड गेम घेऊन गेला. ॲडकिसनला हवा होता तो कमी जागेत, मधल्या रिकाम्या वेळात, कुठेही बसून खेळता येईल असा खेळ. आपल्या डब्यातल्या चौघांची गरज नेमकी हीच होती. गारफिल्डने दिलेल्या खेळाचं नाव मॅजिक: द गॅदरिंग. त्यात जोड सामाईक नाही. पानं पाकिटातून मिळतात, कुणाला कुठली मिळतील ते सांगता येत नाही, आणि त्यातून प्रत्येकजण आपला जोड बांधतो.

पहिल्या नियमांत जोड किमान ४० पानांचा होता आणि एकच पान कितीही वेळा घ्यायला मुभा होती. लोक मोजकीच पाकिटं घेतील असा हिशेब होता. लोकांनी ढीगभर घेतली आणि एकाच जालीम पानाच्या डझनावारी प्रती घालून जोड केले. समोरचा खेळायच्या आत हरायचा. १९९४ साली स्पर्धांसाठी मर्यादा आली: किमान ६० पानं, आणि जमिनीची मूळ पानं सोडली तर एका नावाची चारपेक्षा जास्त नाहीत. आजच्या बहुतेक जोड-बांधणीचा पाया हा दुरुस्तीचा नियम आहे. सुरुवातीला पैजेचीही पद्धत होती. दोघांनी आपल्या जोडातलं एक पान बाजूला ठेवायचं, जिंकणाऱ्याने दोन्ही न्यायची. ती दोन-तीन वर्षांत मागे पडली आणि ते चांगलंच झालं. आपल्या जिन्यात मात्र हरलेलं पान अजून जातं, आणि लहान मूल रडत घरी जातं.

पोकेमॉनचा पत्त्यांचा खेळ जपानमध्ये १९९६ साली निघाला, इंग्रजीत १९९९ साली. त्याच वर्षी कोनामीने यू-गी-ओ आणलं. तिथे मुख्य जोड ४० ते ६० पानांचा, एका नावाची तीन पानं चालतात. पोकेमॉनमध्ये नेमकी ६० हवीत, एक कमी नाही, एक जास्त नाही; एका नावाची चार, फक्त मूळ एनर्जीच्या पानांना मर्यादा नाही. सात पानं हातात घ्यायची, सहा पानं बक्षीस म्हणून पालथी ठेवायची, समोरच्याचा पोकेमॉन बाद केला की त्यातलं घ्यायचं.

आता जोड बांधायचा कसा ते सांगतो, कारण हेच आपल्याकडे कुणी तोंडी देत नाही.

मुलाचा पहिला जोड हमखास असा असतो: आवडते सगळे मोठे पोकेमॉन एकेक, एनर्जी सापडली तितकी. पहिल्या संचातल्या प्रसिद्ध चारिझार्डचं उदाहरण घ्या. १२० एचपी, हल्ला १०० चा. पण तो थेट खेळता येत नाही. आधी चारमँडर, मग चारमेलियन, मग तो. हल्ल्याला चार अग्नी-एनर्जी लागतात आणि हातातून एका पाळीत एकच एनर्जी लावता येते. शिवाय प्रत्येक हल्ल्याला दोन एनर्जी टाकून द्याव्या लागतात. म्हणजे साध्या अग्नी-एनर्जीने पहिला हल्ला व्हायला किमान चार पाळ्या. जोडात तीन चारिझार्ड आणि एक चारमँडर असेल तर ती पानं हातात अडकून पडतात. खालची पायरी नेहमी वरच्यापेक्षा जास्त ठेवायची, हा पहिला नियम.

दुसरं, चारची मर्यादा म्हणजे मुभासुद्धा आहे, ती वापरा. ६० पानांत एक पान एकदाच असेल तर ते पहिल्या सात पानांत येण्याची शक्यता १२ टक्क्यांच्या आसपास. दोन असतील तर २२. चार असतील तर ४० टक्के. ज्या पानावर डाव उभा आहे ते चार घ्यावं, आणि एकेकाने गर्दी करणाऱ्या पाहुण्यांना घरी पाठवावं. एकच प्रत असेल तर दहात एकदा ती बक्षिसाच्या सहा पानांत जाऊन बसते.

तिसरं, मूळ पोकेमॉन, म्हणजे चारमँडरसारखे थेट मांडता येणारे. सुरुवातीच्या सातांत एकही मूळ पोकेमॉन नसेल तर पानं दाखवून पुन्हा पिसावी लागतात, आणि समोरच्याला त्याबद्दल एक पान जादा घेता येतं. जोडात मूळ पोकेमॉन आठच असतील तर तीनात एकदा ही पाळी येते. बारा असतील तर पाचात एकदा. पंधरा असतील तर आठात एकदा. हे गणित शाळेतल्या संभाव्यतेच्या धड्याचंच आहे, आणि त्या धड्यातल्या पिशवीतल्या चेंडूंपेक्षा मुलांना ते इथे चटकन पटतं.

चौथं, पान ओढायची सोय. नवा खेळाडू मारणारी पानं भरतो, जुना खेळाडू पान आणणारी. पान आणून देणाऱ्या ट्रेनर पानांवर कंजुषी करू नये. चांगल्या जोडात बऱ्याचदा निम्मी पानं तीच असतात. जोड झाला की खेळायला बसण्याआधी नुसता पिसून सात-सात पानं दहा वेळा उचलून बघा. दहापैकी किती हातांनी डाव सुरू झाला असता ते कागदावर लिहा. बांधणीतलं व्यंग तिथेच दिसतं.

नियमांत अडखळायच्या जागाही ठरलेल्या आहेत. हल्ला केला की पाळी संपली, म्हणून एनर्जी लावणं, पान ओढणं, बदल करणं हे सगळं हल्ल्याआधी. आत्ताच मांडलेला पोकेमॉन त्याच पाळीत उत्क्रांत होत नाही. सपोर्टर हा ट्रेनर पानांचाच एक प्रकार, तो पाळीत एकच. सध्याच्या नियमाने पहिली पाळी ज्याची त्याला त्या पाळीत हल्ला करता येत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं, पानावरचा मजकूर आणि सर्वसाधारण नियम यांत विरोध आला तर पानाचं खरं. मेंढीकोटमध्ये शेवटचा शब्द जुन्या पासवाल्याचा होता. इथे तो छापलेल्या मजकुराचा आहे. म्हणून पान वाचायला लागतं.

आणि म्हणूनच नकली पानं घेऊ नयेत. सोनेरी प्लास्टिकचं पान खरं नसतं. एचपी अवाच्या सवा असतो, अक्षरं चुकलेली असतात, पाठीचा निळा रंग फिका किंवा जांभळा दिसतो. खरं पान उजेडासमोर धरलं तर प्रकाश सहज आरपार जात नाही, कारण मधे गडद थर असतो. नकली पान स्वस्त असतं हे खरं, पण त्यावरचा मजकूर इतका बिघडलेला असतो की खरा डाव त्याने मांडताच येत नाही. मूल पुन्हा एचपी ओरडण्याकडे वळतं, त्यात त्याचा दोष नाही.

पाकिटांमागे धावण्यातही अर्थ नाही. एकेका पाकिटाला काही शे रुपये जातात आणि हवं ते पान मिळेल याची शाश्वती नसते. मोठं नाव हाती लागण्याची आशा मुलाला पुन्हा पुन्हा दुकानात नेते, तेव्हा खेळ मागे पडतो आणि नुसतं नशीब उरतं. तयार ६० पानांचे बॅटल डेक मिळतात. ते दोन घरांनी मिळून दोन घ्यावेत, महिनाभर तसेच्या तसे खेळावेत, आणि मग कुठली चार पानं नकोशी वाटली ती बदलावीत. जोड बांधायला शिकण्याचा याहून चांगला रस्ता मला माहीत नाही.

माझी विनंती आहे ती कल्याण-डोंबिवलीच्या, ठाण्याच्या आजोबांना आणि काकांना. गाडीत वर्षानुवर्षं मेंढीकोट आणि रमी खेळताना पडलेली पानं लक्षात ठेवण्याची, भिडूचा डाव ओळखण्याची, शेवटच्या हातासाठी पान राखण्याची जी सवय तुम्हाला लागली, ती या खेळात जशीच्या तशी लागते. नावं नवीन आहेत म्हणून बिचकू नका. नातवाला पानावरचा इंग्रजी मजकूर मोठ्याने वाचायला सांगा, अर्थ दोघांनी मिळून लावा, आणि पहिला डाव पैजेशिवाय खेळा.